भावार्थातली खिडकी

"सर, पण या कवितेत खिडकी आहे कुठे?"

हा प्रश्न नववीच्या वर्गात, तिसऱ्या तासाला, सगळ्यांदेखत विचारून दाखव, असं तिच्या दोन मैत्रिणींनी तिला डिवचलं होतं. एकीला सगळ्या चष्मा म्हणत, दुसरीला लांबवेणी. ही विचारणार नाही अशी दोघींची खात्री होती. आणि ही मात्र आदल्या संध्याकाळपासून आरशासमोर उभी राहून तो प्रश्न चार प्रकारांनी विचारून बघत होती. नम्रपणे, कुतूहलानं, खेदानं आणि भुवई उंचावून. शेवटी भुवई ठरली.

तिच्याबद्दल थोडं सांगायला हवं. आठवीपर्यंत वर्गात तिचं नाव 'म्यूट' होतं. हजेरीला 'हजर' म्हणायचं असलं तरी ती शेजारणीला कोपरानं ढोसून तिच्याकडून म्हणवून घ्यायची. मग या वर्षी वक्तृत्व स्पर्धेच्या दिवशी कुणाचा तरी घसा बसला, बाईंनी ऐनवेळी हिला पुढे ढकललं, आणि हिचा तिसरा नंबर आला. स्पर्धक एकूण चार होते, हा तपशील घरी कुणी विचारला नाही आणि तिनं सांगितला नाही. पण त्या दिवसापासून तिचा आवाज जो सुटला तो सुटलाच. जेवताना मीठ हवं असलं तरी 'मला दोन शब्द बोलण्याची संधी दिल्याबद्दल' इथून सुरुवात. वर्गानं एकमतानं तिचं नाव बदललं. आता ती 'कर्णा' होती.

तर प्रश्न खिडकीचा होता.

पुस्तकात स्वातंत्र्यावरची एक कविता होती, बारा ओळींची. पहिल्या चार ओळी अशा:

पैलतीरावर देश उभा तो, हात हलवतो आहे
मधे वाहते पाणी काळे, पूल व्हायचा आहे
आपापल्या रे खांद्यावरुनी दगड आपला आणा
उसन्या दगडांचा तो सेतू ढासळतोच पुन्हा

या बारा ओळींचा भावार्थ दोन पानांचा होता. तो भाषेचे सर सांगत, म्हणून मुली त्यांना भावार्थसर म्हणत. सरांची पद्धत पक्की होती. कविता एकदा वाचायची, पुस्तक मिटायचं, कपाटातून एक वही काढायची आणि तीतून भावार्थ सांगायचा. वर्गानं तो उतरवून घ्यायचा, पाठ करायचा आणि परीक्षेत परत करायचा, वाचनालयाचं पुस्तक परत करतात तसा, पान न दुमडता. वर्षाच्या शेवटी ज्या मुलीची वही सगळ्यांत नीटनेटकी असेल ती सर ठेवून घेत, कारण आधीची वही तोवर हाताळून हाताळून चिंध्या झालेली असे. पुढच्या वर्षी त्या नव्या वहीतून सांगत. म्हणजे एक वर्ष सर मुलींना सांगायचे आणि पुढच्या वर्षी मुली सरांना. हे सव्वीस वर्षं सुखानं चाललं होतं. तक्रार कुणाचीच नव्हती, कारण पेपरही सरच तपासायचे.

आणि या भावार्थात सातवं वाक्य होतं: 'खिडकीजवळच्या तिघी गप्प बसल्या, तरच राष्ट्र पुढे जाऊ शकते.'

आता वर्गात खिडकीजवळ तिघीच बसायच्या. चष्मा, लांबवेणी आणि कर्णा. एका अख्ख्या राष्ट्राचं घोडं आपल्यापाशी अडलंय हे वाचून तिघी आधी हसल्या. मग पाठ करायला बसल्यावर चष्मा म्हणाली की यात काहीतरी गडबड आहे. कवितेत नदी आहे, पूल आहे, दगड आहेत, खिडकी कुठेच नाही. लांबवेणी म्हणाली, तू सरांना विचार. चष्मा म्हणाली, मी नाही बाई. मग दोघींनी एकदमच कर्ण्याकडे पाहिलं.

तिनं भुवई उंचावून विचारलं. सरांनी आधी तिच्याकडे पाहिलं. मग वहीकडे. मग पुस्तक उघडून कवितेकडे. मग खिडकीकडे. सव्वीस वर्षांत त्यांना 'सर, पाणी पिऊन येऊ का' याखेरीज प्रश्न आलेला नव्हता.

"प्रतीक आहे," सर म्हणाले.

आणि एकदा हा शब्द तोंडातून बाहेर पडल्यावर ते असे सुटले की वीस मिनिटं थांबलेच नाहीत. खिडकी म्हणजे राष्ट्राचे जगाशी असलेले नाते. तिघी म्हणजे भूतकाळ, वर्तमानकाळ आणि भविष्यकाळ. त्या गप्प बसतात म्हणजे काय, तर काळ बोलत नाही, तो करून दाखवतो. हे सांगताना सरांचा चेहरा उजळत गेला. त्यांना स्वतःलाच ते पहिल्यांदा कळत होतं. आणि समोर चाळीस माना खाली, चाळीस पेनं चालू. तास संपला तेव्हा भावार्थ साडेतीन पानांचा झाला होता.

मधल्या सुट्टीत वर्गानं तिला भिंतीशी गाठलं. एका प्रश्नाला दीड पान वाढलं, आता हे पाठ कोण करणार, तुझा काका? चष्मा आणि लांबवेणी त्या गर्दीत मागच्या मागे विरघळल्या. ज्यांनी डिवचलं त्याच आता दुसऱ्या बाकावर बसून डबा खात होत्या, जणू हिला आज पहिल्यांदाच पाहतायत.

दुसरी कुणी असती तर इथे थांबली असती. पण तिला आता चटक लागली होती. शिवाय तिला खरोखरच राग आला होता. एवढ्या तयारीनं विचारलेल्या प्रश्नाचं असं लोणचं घालतात का? मग दुसऱ्या दिवशी तिनं अकरावं वाक्य विचारलं. 'पंखा मध्यम वेगाने फिरावा.' पूल बांधायचा तर पंखा कशाला?

सर यावेळी तयार होते. प्रगती मध्यम हवी, म्हणाले. फार वेग वाढला की कागद उडतात, म्हणजे कायदे उडतात. अर्धं पान.

तिसऱ्या दिवशी चौदावं. 'मधल्या सुट्टीपूर्वी डबा उघडू नये.' हा संयम. पाऊण पान.

आता भावार्थ पावणेपाच पानांवर गेला होता, सरांना इतकं टवटवीत कुणी कधी पाहिलं नव्हतं, आणि वर्गातली एकही मुलगी कर्ण्याला खोडरबर द्यायला तयार नव्हती. तास चालू असतानाच लांबवेणीनं बाकाखालून तिला हात जोडले. नवं पाठ करायला गेलं की जुनं सांडतंय, म्हणाली. काल तिनं पूल विसरून पंखा लक्षात ठेवला होता. कर्ण्यानं शपथ घेतली की आता तोंड उघडणार नाही.

आणि नेमक्या त्याच तासाला मुख्याध्यापिका वर्गाबाहेरून चालल्या होत्या. त्यांना सगळी शाळा मोठ्या बाई म्हणायची. सरांचा संयमावरचा आवाज ऐकून त्या दारात थबकल्या. भाषेच्या तासाला मुली प्रश्न विचारतात आणि सर उत्तरं देतात, हे दृश्य त्यांना नवीन होतं. त्यांनी आत येऊन सरांचं कौतुक केलं, प्रश्न विचारणारी कोण म्हणून विचारलं, आणि जागच्या जागी निकाल लावला. शनिवारी सभागृहात आंतरशालेय 'कविता समजून सांगा' स्पर्धा होती. हीच कविता. प्रत्येकीला बरोबर पाच मिनिटं, घंटा होईपर्यंत माइक सोडायचा नाही असा नियम. शाळेकडून कर्णा जाईल.

तिच्या डोळ्यांसमोर अख्खं सभागृह उभं राहिलं. तीनशे माणसं, खराखुरा माइक, वरून पडणारा प्रकाश, आणि यावेळी कुणाचा घसा बसला म्हणून नाही, तर तिचं तिलाच बोलावलेलं. तिला ते इतकं हवं होतं की तिला उचकी लागली.

"हाच भावार्थ म्हणायचा," सर म्हणाले. "पावणेपाच पानं. मिनिटाला एक पान, जरा कमीच. एकही शब्द गाळायचा नाही, नाहीतर मी दुसऱ्या मुलीला पाठवीन."

म्हणजे तीनशे माणसांसमोर माइकवर उभं राहून तिनं सांगायचं की स्वतंत्र देशात डबा उघडू नये. उचकी तिथेच थांबली.

घरी आल्यावर तिनं हे सगळं जेवताना सांगितलं. बाबांचं पंखेदुरुस्तीचं दुकान होतं, त्यामुळे ते अकराव्या वाक्यावर अडकले. तुमच्या शाळेच्या पंख्यांना चारच नंबर आहेत, म्हणाले, ते मी स्वतः बसवलेत, त्यात मध्यम नावाचा वेगच नाही. दोन नंबरला माशी उठत नाही आणि तीनला वही उडते. भावार्थात सुधारणा व्हायला हवी. कर्ण्यानं कपाळाला हात लावला.

आई मात्र वेगळ्याच वाटेनं चालली होती. तिचा घास हातातच राहिला होता.

"खिडकीजवळच्या तिघी?" आई म्हणाली. "अजून आहे ते?"

आई कचेरीत नकला काढायच्या विभागात होती. सगळीकडे यंत्रं आली तरी जुने, विरलेले कागद यंत्रात घातले की तुकडे होत, म्हणून त्यांच्या नकला ती हातानं काढायची. तिच्या नकलेत चूक सापडली असं आजवर झालं नव्हतं. मूळ कागदावर कुणी एक शब्द दोनदा लिहिला असेल तर आईच्या नकलेतही तो दोनदाच. तिचा धर्मच तो. आणि लहानपणापासून तिची एक गोष्ट घरात शंभर वेळा सांगून झाली होती. ती याच शाळेत नववीत असताना भाषेचे सर नवीन आले होते आणि त्यांनी पहिल्याच वर्षी तिची वही ठेवून घेतली होती. ही गोष्ट सुरू झाली की बाबा पेपर उघडत आणि कर्णा खोलीत जात असे. आज दोघंही जागचे हलले नाहीत.

"मी एक शब्द सोडला नव्हता," आई म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. "सव्वीस वर्षं माझं शिकवतायत."

एक शब्द सोडला नव्हता म्हणजे काय, हे कर्ण्याच्या एकदम लक्षात आलं. तिनं आईला सावकाश, हात धरून, आजाऱ्याला सांगावं तसं समजावलं की आई, तो भावार्थ नव्हता. सर मधे मधे वर्गाला रागवत होते. खिडकीजवळच्या तिघी, गप्प बसा. पंखा कमी करा. डबा बंद कर. तू तेही उतरवलंस. पुढच्या प्रत्येक हुशार मुलीनं ते शुद्ध करून घेतलं आणि त्याचं राष्ट्र झालं.

आईचा चेहरा कडक झाला. सांगतील ते उतरवायचं, म्हणाली, काय ठेवायचं आणि काय गाळायचं हे ठरवणारी मी कोण? एकदा गाळायला लागलं की मग माणूस वाट्टेल ते गाळतो. बाबांनी हळूच आमटीचं भांडं दोघींच्या मधून उचललं. आईनं ताट धुतलं, हात पुसले आणि जाहीर केलं की उद्या ती स्वतः शाळेत येऊन सरांना भेटेल. तेच सांगतील काय खरं ते.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या तासाला शिपाईकाका कर्ण्याला बोलवायला आले. मोठ्या बाईंच्या खोलीत आई चांगले कपडे घालून, पर्स मांडीवर घेऊन, ताठ बसली होती. समोर मोठ्या बाई. बाजूला भावार्थसर, आनंदानं नुसते फुललेले. त्यांनी आईला ओळखलं होतं. भेटीच्या चिठ्ठीवरच्या अक्षरावरून.

"ये, ये," सर कर्ण्याला म्हणाले. "तुझ्या शंकांचं मूळ घरातच निघालं. आता आईकडूनच ऐक, मी त्या दिवशी काय सांगितलं होतं ते."

आईनं घसा साफ केला. तिला सगळंच आठवत होतं. तिला मूळ कागद पुन्हा म्हणून दाखवायचा होता, एवढंच. आणि नक्कल काढायची तर पूर्ण काढायची, म्हणून तिनं तो सरांच्याच आवाजात, सरांच्याच चालीत सुरू केला.

"कवी म्हणतो की, हं, लिहा, कवी म्हणतो की देश अजून पलीकडच्या तीरावर आहे. खिडकीजवळच्या तिघी! गप्प बसा, तरच मला पुढे जाता येईल. हं. पूल हे एकतेचे, अगं तो पंखा कमी कर, कागद उडतायत माझे, एकतेचे चिन्ह आहे. स्वातंत्र्य म्हणजे, तू गं, तिसऱ्या बाकावरची, मधली सुट्टी झाली का? मग डबा का उघडलास? कर बंद. स्वातंत्र्य म्हणजे..."

इथे आई थांबली.

तिचं तिलाच ऐकू आलं होतं. सव्वीस वर्षांपूर्वी कान आणि हात यांच्यामधे कुणी नव्हतं, आता तोंडानं म्हटल्यावर मधे ती स्वतः सापडली. मोठ्या बाई टाचण्यांच्या डबीत काहीतरी शोधू लागल्या. कर्ण्याला आयुष्यात पहिल्यांदा आपण बरोबर निघालो याचं इतकं वाईट वाटलं. तिला जिंकायचं होतं, पण आईच्या पर्सवरची बोटं अशी घट्ट झालेली बघायची नव्हती.

"मला वाटलं," आई हळूच म्हणाली, "सरांना सगळंच महत्त्वाचं वाटत असेल."

सरांनी वही उघडली. नवी पानंही त्यांनी तीतच लिहून ठेवली होती. खिशातून लाल पेन काढलं. खिडकी खोडली. खिडकीचं दीड पान खोडलं. पंखा खोडला, डबा खोडला, संयम, काळ, कायदे, सगळं ओळीनं खोडत गेले. मग वही वळवून कर्ण्यासमोर धरली. पावणेपाच पानांत साडेचार ओळी शिल्लक होत्या, आणि त्या पुस्तकाच्या शेवटी दिलेल्या टिपा होत्या. एकता, चिन्ह, पैलतीर म्हणजे पलीकडचा किनारा.

"खिडकी गेली," सर म्हणाले. "तू म्हणतेस तेच खरं. मग आता तू सांग. कवितेचा अर्थ काय?"

कर्ण्यानं भुवई उंचावली, छाती भरून श्वास घेतला, तोंड उघडलं.

तिनं आठवायला सुरुवात केली.

आत हात घातला आणि कपाट रिकामं. तिनं खिडकीचा अभ्यास केला होता, पंख्याचा केला होता, डब्याचा केला होता. कविता तिनं दोनदा वाचली होती, त्यातही दुसऱ्यांदा खिडकी शोधायला. सर वाट बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर टोमणा नव्हता, हे जास्त भयंकर होतं. त्यांना खरंच हवं होतं उत्तर.

"मलाही नाही माहीत," सर शेवटी म्हणाले. "मला माझ्या सरांनी सांगितलं होतं ते मी विसरलो. मग वही होती. मग कुणी विचारलंच नाही."

मोठ्या बाईंना डबीत हवी ती टाचणी सापडली असावी. त्या म्हणाल्या, हे सगळं ठीक आहे, पण स्पर्धा परवा आहे. उद्या सकाळपर्यंत हिनं सांगावं की माइकवर काय बोलणार. नाहीतर शेजारच्या तुकडीतल्या मुलीचं नाव जाईल, वक्तृत्वात तिचा पहिला नंबर असतो आणि तिला कसल्याच शंका नसतात.

वर्गात परत आली तोवर बातमी तिच्या आधी पोचली होती. भावार्थ रद्द! आनंद झाला तो मोजून एक मिनिट. मग चष्म्यानं विचारलं की परीक्षा तर रद्द नाही ना झाली? मग लिहायचं काय? आणि मधल्या सुट्टीत चाळीसच्या चाळीस जणी वह्या घेऊन कर्ण्याच्या बाकाभोवती जमल्या. काल खोडरबर न देणाऱ्या आज पेन्सिलीला टोक काढून उभ्या. चष्मा म्हणाली, तूच रद्द करवलास, आता तूच दे. लवकर सांग, घंटा होईल.

तिला क्षणभर बरं वाटलं, खोटं कशाला बोला. चाळीस माणसं आपल्या तोंडाकडे बघतायत आणि आपण म्हणू ते राष्ट्र. तिनं सांगितलं असतं की देशाला जांभळा रंग द्यावा, तरी त्यांनी समास आखून लिहिलं असतं. तिनं तोंड उघडलंही. पण आत अजूनही काही नव्हतं, आणि या चाळीस टोकदार पेन्सिली बघून तिला स्वतःचीच भीती वाटली.

"मला काय विचारता?" ती वैतागून म्हणाली. "पुस्तक आहे ना समोर? डोकं आहे ना प्रत्येकीला?"

सर्रकन आवाज आला. चाळीस पेन्सिलींचा. लांबवेणीनं मान वर न करता विचारलं, "डोकं आहे ना, पुढे?"

कर्णा बाकावरून उठली आणि वर्गाबाहेर चालती झाली. जिन्यात बसली. तिला ओरडावंसं वाटत होतं, रडावंसं वाटत होतं आणि भूकही लागली होती, कारण डबा आत राहिला होता. हातात फक्त पुस्तक होतं. म्हणून तिनं कविता वाचली. यावेळी काही शोधायला नाही, दुसरं काही करण्यासारखं नव्हतं म्हणून. पहिल्या ओळीत तो देश पलीकडून हात हलवत होता. तिला आजवर वाटायचं, निरोप देतोय. आता वाटलं, बोलावतोय की काय? म्हणजे आपण अजून तिथे गेलोच नाही? तिसरी ओळ ठीक होती. चौथ्या ओळीत ती उसन्या दगडांपाशी आली, आणि चपलेत खडा गेल्यासारखी तिथेच लंगडत थांबली. वर्गातून अजून कुणीतरी विचारत होतं, 'प्रत्येकीला' मधली वेलांटी पहिली की दुसरी.

पाचव्या ओळीपासून मात्र तिला ठार काही कळलं नाही. तीनदा वाचूनही नाही.

संध्याकाळी बाबा जमिनीवर वर्तमानपत्र पसरून एका पंख्याचं पातं साफ करत होते. आई कपड्यांच्या घड्या घालत होती, रोजच्यापेक्षा जास्त सरळ. शाळेतून आल्यापासून ती सकाळच्या गोष्टीबद्दल अवाक्षर बोलली नव्हती. कर्णा दोघांच्या मधे येऊन उभी राहिली. 'मला संधी दिल्याबद्दल' वगैरे काही म्हणाली नाही, त्यामुळे दोघांनी काळजीनं वर पाहिलं.

तिनं सांगितलं की तिला चारच ओळी कळल्यात, त्याही बहुतेक. बाबा म्हणाले, बारातल्या चार म्हणजे काही वाईट नाही, पस्तीस टक्क्यांच्या जवळपास. आईनं घडी मोडली, पुन्हा घातली, आणि विचारलं की उरलेल्या आठ ओळींसाठी सरांकडे जुनं काहीतरी असेल का, ती उतरवून आणू शकेल. मग स्वतःच ओशाळून म्हणाली, राहू दे. तूच बघ.

कर्ण्यानं आईच्या हातातली चादर धरली. दोघींनी टोकाला टोक जुळवलं.

"शनिवारी मीच जाणार," ती म्हणाली. "उद्या मोठ्या बाईंना तसं सांगणार. जेवढं मला कळलं तेवढंच बोलणार, माझं मी. आठ ओळी कळल्या नाहीत हेही सांगणार."

"किती वेळ लागेल त्याला?" बाबांनी विचारलं.

"दीड मिनिट. जिन्यात मोजून बघितलं." तिनं चादरीची दुसरी घडी घातली. "घंटा होईपर्यंत माइक सोडता येत नाही. म्हणजे साडेतीन मिनिटं मी तिथे नुसती उभी राहणार आहे, तीनशे माणसांसमोर. तेव्हा तुम्ही दोघं या, पुढेच बसा, पण काहीही झालं तरी टाळ्या वाजवून मला वाचवू नका."